उत्क्रांती म्हणजे नैसर्गिक निवड नव्हे

दोन शब्द सदासर्वकाळ जोडीने उच्चारले गेले म्हणजे त्यांचा अर्थ एकच आहे असा ग्रह लोकांत दृढ होण्यास वेळ लागत नाही. 'उत्क्रांती' आणि 'नैसर्गिक निवड' या दोन शब्दांची गत अशीच झाली आहे. शाळेतून बाहेर पडलेला तरुण, पेढीवर बसून वर्तमानपत्र वाचणारा व्यापारी, किंबहुना व्यासपीठावरील विद्वान वक्ताही या दोहोंची खुशाल अदलाबदल करतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील, तुळजापूर तालुक्यातील जळकोटासारख्या गावी या शब्दच्छलाची उठाठेव कशास, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, हा शब्दच्छल नाही. हा भेद ध्यानी न आल्यामुळे शास्त्राची नाहक बदनामी तर होतेच, परंतु शेतकऱ्याचे आणि त्याला उधारीवर बियाणे देणाऱ्या दुकानदाराचे रोख पैसेही बुडतात. ते कसे, हे दाखवावे एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

बदनामीची गोष्ट प्रथम घेऊ. जानेवारी 2018 मध्ये आमच्याच मराठवाड्यात, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर येथे, केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रदृष्ट्या चुकीचा असून वानराचा मनुष्य होताना कोणी पाहिलेला नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला आणि त्यांचेच वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने टाळावीत असा सल्ला त्यांस दिला. पुढे 2023 साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. या सर्व वादात आम्हांस खटकली ती गोष्ट निराळीच. आक्षेप घेणारे आणि उत्तर देणारे यांपैकी पुष्कळ जण 'डार्विनचा सिद्धांत' असा एकवचनी उल्लेख करून बोलत होते. वास्तविक त्या एका नावाखाली दोन निरनिराळी विधाने आहेत. पहिले विधान असे की, जीवजाती पिढ्यान्पिढ्या बदलत आल्या आहेत आणि सर्वांचे मूळ एक आहे. दुसरे असे की, या बदलाचे मुख्य कारण नैसर्गिक निवड हे होय. पहिले विधान काय घडले ते सांगते, दुसरे ते कशाने घडले ते सांगते. पाण्याचा लोट आला हे एक, आणि तो कोणत्या ढगाने आणला हे दुसरे. ढगाविषयी मतभेद असला म्हणून वाहून गेलेले शेत जागेवर येत नाही.

जळकोटात विहीर खणताना मुरुमाखाली जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्ह्याचा आहे. हा लाव्हा दख्खनवर पसरण्याच्या सुमाराचे प्राणी कसे होते, याची साक्ष चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मिळते. तेथे प्रचंड देहाच्या शाकाहारी डायनासोरांची हाडे सापडली, आणि त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळेही सापडले. त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष आहेत, असे भारतीय व परदेशी संशोधकांनी 2005 साली दाखवून दिले. गवत हे डायनासोरांच्या नाशानंतरचे, अशी तोवरची समजूत होती. ती चंद्रपूरच्या शेणाने मोडली! आज त्या प्रचंड प्राण्यांपैकी कोणी नाही. त्या काळी गाय नव्हती, बैल नव्हता, शेळी नव्हती. प्राचीन थरांत एक प्रकारचे जीव, नंतरच्या थरांत दुसरे, आणि त्यांच्या सांगाड्यांत नात्याच्या खुणा, ही वस्तुस्थिती म्हणजे उत्क्रांती होय. ती मान्य करण्यास नैसर्गिक निवडीचे नावही ठाऊक असण्याची गरज नाही. फ्रान्सच्या लामार्कने 1809 साली, म्हणजे डार्विन जन्मला त्याच वर्षी, जीव बदलतात असे ग्रंथ लिहून प्रतिपादन केले होते. त्याने दिलेले कारण मात्र टिकले नाही.

डार्विन व वॉलेस यांनी 1858 साली जे कारण पुढे मांडले, ते समजण्यास आमच्या जिल्ह्याचे नाव ज्या जनावराने देशभर नेले, त्या उस्मानाबादी शेळीपेक्षा चांगला दाखला नाही. जिल्ह्याचे नाव बदलून धाराशिव झाले तरी शेळीचे नाव तेच राहिले आहे. बहुधा काळी, काटक, थोड्या पाल्यावर निभावणारी आणि एका वेतास पुष्कळदा जुळी करडे देणारी ही जात तुळजापूर, लातूर व उदगीर या मुलखात घडली. ती घडवली कोणी? अंशतः धनगराने व गरीब कुटुंबातील बायांनी, ज्यांनी जुळ्यांच्या पोटची पाठ राखली आणि एकेकटी विणारी शेळी बाजारात काढली. ही मनुष्याची निवड. आणि अंशतः येथल्या उन्हाने, रोगांनी व दुष्काळाने, ज्यांनी कोणालाही न विचारता काही करडे मारली व काही राखली. ही निसर्गाची निवड. दोहोंची रीत एकच: जनावरांत भेद असावा लागतो, तो भेद पोटच्या पोरांत उतरावा लागतो, आणि त्या भेदामुळे कोणाची संतती अधिक, कोणाची कमी मागे राहावी लागते. या तीन गोष्टी जमल्या की कळप पिढीगणिक बदलत जातो.

आता याच शेळीवरून दोन शब्दांतील अंतर पाहावे. 1972 च्या दुष्काळासारख्या प्रसंगी एका वाड्यातील शेळ्या जगल्या आणि शेजारच्या मेल्या, असे समजा. जगलेल्यांच्या धन्याकडे हरभऱ्याचे भुसकट साठवलेले होते, एवढेच कारण असेल, तर ही निवड खरी, पण तिच्यापासून उत्क्रांती काही होणार नाही. कारण धन्याचे भुसकट करडांच्या रक्तात उतरत नाही. दुसरा प्रकार असा की, निवड अखंड चालू असूनही कळप जेथल्या तेथे राहतो. एकच करडू देणारी शेळी मागे पडते हे खरे. पण तीन-चार करडे झाली तर दूध पुरत नाही आणि अशक्त करडे दगावतात. दोन्ही टोके छाटली जातात व मधली दोघांची रीत कायम राहते. येथे निसर्ग दरवर्षी निवड करतो, ती बदल घडवण्यासाठी नव्हे, तर बदल होऊ न देण्यासाठी. निवड दिसली की उत्क्रांती झालीच, असे मानणाऱ्यांनी हा प्रकार अवश्य ध्यानात घ्यावा.

याच्या उलटही घडते. एखाद्या लहान वस्तीवर सगळ्या शेळ्यांना एकच पैदाशीचा बोकड असतो. तो चांगला म्हणून नव्हे, तर दुसरा विकला गेला म्हणून राहिलेला असतो. त्याच्या कानावर पांढरा ठिपका असला, तर चार-सहा वर्षांत वस्तीवरील निम्म्या करडांच्या कानावर तो दिसू लागेल. ठिपक्याने ना दूध वाढले, ना आयुष्य. तरी कळप बदलला. ही उत्क्रांतीच झाली, मात्र निवडीवाचून, केवळ योगायोगाने. शास्त्रज्ञ यास जनुकीय विचलन म्हणतात. समूह जितका लहान, तितका योगायोगाचा जोर अधिक. सोलापुराजवळ नान्नज येथे ज्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झाले, तो माळढोक आज बोटांवर मोजण्याइतकाही उरलेला नाही. अशा मूठभर पाखरांत कोणता गुण टिकेल आणि कोणता कायमचा जाईल, हे त्या गुणाच्या उपयोगापेक्षा नशिबावरच अधिक ठरते. जपानच्या मोटू किमुरा यांनी 1968 साली तर असे प्रतिपादन केले की, जीवाच्या सूक्ष्म घडणीत, म्हणजे जनुकांत, होणारे बहुसंख्य बदल असेच उदासीन असतात. ते ना हिताचे, ना अहिताचे. शिकारी ससाण्याचा डोळा वा वाळवंटातील उंटाचे पाऊल अशा उपयोगी रचना निवडीवाचून घडत नाहीत, हे किमुरा यांनाही मान्य होते.

मग मुळात भेद येतो कोठून? डार्विनला याचे उत्तर ठाऊक नव्हते. आम्हांस ते सातारा जिल्ह्यातील फलटण येथे पाहावयास मिळते. दख्खनी मेंढी साधारणतः एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातील लहानखुऱ्या गरोळ मेंढीत मात्र कधी काळी एका जनुकात एका अक्षराएवढा फेर झाला, आणि ती जुळी-तिळी देऊ लागली. हा फेर कोणता, ते 2001 साली शास्त्रज्ञांनी निश्चित केले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने संकराच्या मार्गाने तो दख्खनी मेंढीत आणला. हा फेर मेंढीच्या सोयीसाठी झालेला नव्हता. असे फेर आंधळेपणाने होतात. पैकी पुष्कळ निरुपयोगी, काही घातक आणि क्वचित एखादा उपयोगी. ते टिकावेत की जावेत, याचा निकाल पुढे निवड लावते किंवा योगायोग लावतो. गरज पडली म्हणून निसर्ग गुण निर्माण करतो, हा समज आमच्याकडे फार पसरलेला आहे आणि तो साफ खोटा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील कितीतरी विद्वान असे होते की, जे उत्क्रांती निःशंक मानीत, पण निवडीने एवढे मोठे काम होत असेल यावर त्यांचा विश्वास बसत नसे. मेंडेलचे वाटाण्यावरील प्रयोग 1900 साली पुन्हा उजेडात आले आणि पुढील तीन-चार दशकांत फिशर, राइट व हाल्डेन यांनी गणिताने दाखवून दिले की, थोडासा फायदाही शेकडो पिढ्यांत समूहाचे रूप पालटू शकतो. यांपैकी हाल्डेन हे 1957 साली इंग्लंड सोडून भारतात आले, येथलेच नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वर येथे निवर्तले. सारांश, निवडीवर शंका घेणे हे शास्त्रज्ञांचे नित्याचेच काम होय; ती शंका उत्क्रांतीवर ढकलणे हे मात्र वकिली कसब झाले. 'वानराचा मनुष्य होताना कोणी पाहिला?' या प्रश्नात दुसरी गफलत आहे. आजचे माकड आमचा पूर्वज आहे, असे कोणताही जाणता शास्त्रज्ञ म्हणत नाही. त्याचे व आमचे पूर्वज एक होते, एवढेच तो म्हणतो. चुलतभावास आजोबा समजून वंशावळ नाकारण्यात काय हशील?

या घोटाळ्यास आमची भाषाही थोडी जबाबदार आहे. 'उत्क्रांती' या शब्दातील 'उत्' उपसर्गाने वर चढण्याचा भास होतो आणि खालची पायरी, वरची पायरी अशी उतरंड मनात उभी राहते. निसर्गाला ही उतरंड ठाऊक नाही. शेळीच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीस स्वतःचे आतडेच उरलेले नाही. आयते पचलेले अन्न अंगाने शोषता येत असता त्यास त्याची गरज नव्हती. हीही उत्क्रांतीच. त्यातच हर्बर्ट स्पेन्सरने 1864 साली 'लायकांचा टिकाव' हा शब्दप्रयोग रूढ केला, तो डार्विननेही पुढे आपल्या ग्रंथात घेतला, आणि आमच्याकडे त्याचे भाषांतर झाले 'बळी तो कान पिळी'! मग काय, सावकाराने कुळाला नागवावे, वरच्या म्हणविणाऱ्या जातीने खालच्या ठरविलेल्या जातीस पाण्यावाचून ठेवावे, आणि हा सृष्टिनियमच आहे असे शिकल्यासवरल्या मुखाने सांगावे. ज्यांस हा युक्तिवाद पटतो त्यांनी एवढेच सांगावे की, निसर्ग असे करतो हे सिद्ध झाले तरी मनुष्याने तसे करावे हे त्यातून कसे निघते? शिवाय निसर्गात बळवंतच टिकतो, हेही खरे नाही. टिकतो तो त्या जागी, त्या वेळी ज्याची संतती मागे राहते तो. ज्या किड्याने महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांस रडविले, तो बोटाने चिरडला जाईल एवढा दुबळा आहे.

गुलाबी बोंडअळीची ही हकीकत व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. 2002 साली बीटी कापसास सरकारची परवानगी मिळाली. एका जिवाणूचे जनुक घातल्यामुळे या कापसाच्या झाडातच अळीला मारणारे विष तयार होते. 2006 साली दोन विषे असलेला वाण आला. फवारणी वाचली, उत्पन्न वाढले, सर्वत्र आनंदीआनंद झाला. परंतु लाखो अळ्यांत एखादी अशी असते की, तिच्या आतड्यातील ज्या प्रथिनाला विष चिकटते, त्याची घडण जन्मतःच किंचित निराळी असते. विष चिकटत नाही आणि अळी जगते. विषाने तिला तसे बनविले नाही. ती आधीपासून तशी होती, विषाने फक्त बाकीच्या बाजूस सारल्या. हीच नैसर्गिक निवड. आणि अशांची संतती वाढून सबंध मुलखातील अळीच निराळी झाली, ही उत्क्रांती. 2010 साली मोन्सँटो कंपनीने स्वतःच कबूल केले की, गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या जिल्ह्यांत पहिल्या विषाला गुलाबी अळी दाद देत नाही. पुढे दोन विषांचा वाणही निष्प्रभ होऊ लागला आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस पोखरला गेला.

हे टाळण्याचा उपाय शास्त्रज्ञांनी आरंभीच सांगितला होता, आणि तो बियाण्याच्या पिशवीतच घालून दिला होता! 450 ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर 120 ग्रॅम साधे बियाणे स्वतंत्र पुडीत मिळे. ते शेताच्या कडेने लावावयाचे होते. या साध्या कापसावर सामान्य अळ्या सुखाने वाढतात. बीटी कापसातून वाचलेल्या एखाद्या निराळ्या अळीचे पाखरू झाले, की त्याचा संकर या असंख्य सामान्य पाखरांशी होतो. त्यांच्या संततीस निराळेपणाचा वारसा एकाच बाजूने मिळतो, तो अपुरा पडतो आणि ती बीटी कापसावर मरते. ही कडेची पट्टी नसेल तर निराळ्याचा संकर निराळ्याशी होतो आणि संतती पूर्ण निर्ढावलेली निघते. शेतकऱ्यास वाटले, मुद्दाम कीड पोसण्यास जागा कशाला अडवावी? ती पुडी बहुतेक ठिकाणी बांधावर टाकून दिली गेली, आणि दुकानात कोणी तिचे महत्त्व सांगितले नाही. त्यातच पाण्याची सोय असलेल्यांनी फरदड घेऊन उन्हाळ्यापर्यंत कापूस उभा ठेवला, म्हणजे अळीच्या आणखी पिढ्यांची सोय केली. अमेरिकेतील ॲरिझोनात हीच अळी, हेच विष. 1996 पासून तेथे साध्या कापसाच्या पट्ट्यांचा नियम पाळला गेला, पुढे वांझ केलेली पाखरे सोडली गेली, आणि 2018 साली त्या देशाच्या कापूस-मुलखातून गुलाबी अळी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. निवडीचा नियम दोन्हीकडे एकच होता. एका देशाने तो समजून घेतला, दुसऱ्याने पुडी फेकली.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात कापसापेक्षा सोयाबीन, तूर व हरभरा यांचा पसारा मोठा, तेव्हा हे दुखणे विदर्भाचे असे कोणी मानू नये. कापसावरची हिरवी बोंडअळी, तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी आणि हरभऱ्यावरची घाटेअळी ही एकाच किड्याची तीन नावे आहेत. गुलाबी अळीला कापसावाचून जवळजवळ दुसरे अन्न नाही. हिला तूर, हरभरा, टोमॅटो सर्व चालते. म्हणून बीटी कापसापुढे हिच्या बाबतीत गुलाबी अळीसारखे हात टेकावे लागले नाहीत. आमच्या तुरीची शेतेच न सांगता त्या 120 ग्रॅमच्या पुडीचे काम करीत राहिली. परंतु या शेतांवर जो विषाचा मारा होतो, तोही निवडच करतो. 1987 च्या सुमारास आंध्रातील कापसावर याच अळीने त्या काळची नवी व हमखास समजली जाणारी पायरेथ्रॉइड औषधे निकामी ठरविली होती. आज शेतकरी दुकानात येतो आणि 'गेल्या खेपेस दिलेलेच, पण जरा जास्त कडक द्या' म्हणतो. दुकानदारही उधारीचे गिऱ्हाईक दुखवू नये म्हणून त्याच गटातील दुसऱ्या नावाची बाटली दीडपट मात्रेत घालण्यास सांगतो. जी अळी पहिल्या बाटलीतून वाचली, ती दुसरीतूनही वाचणार. मेल्या त्या तिच्या प्रतिस्पर्धी. बाटलीवर औषधाचा गट छापलेला असतो. तो वाचून दुसऱ्या फवारणीस निराळ्या गटाचे औषध देणे, पाखरे पकडण्याचे कामगंध सापळे दुकानात ठेवणे, आणि सापळ्यात पाखरे व झाडावर अळ्या मोजल्यावाचून फवारणीचा सल्ला न देणे, इतके काम जळकोट, नळदुर्ग व तुळजापूर येथील कृषिसेवा केंद्रांना येत्या तुरीच्या फुलोऱ्यापूर्वी करता येण्यासारखे आहे. महाराष्ट्र मंडळाच्या 2018 च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिला धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हाच आहे. तो शिकविणाऱ्या गुरुजींनी त्या दिवशी वर्ग तुरीच्या बांधावर भरविण्यास कोणाची हरकत असेल, असे आम्हांस वाटत नाही.